ओमेश्वरीचा व्हॉल्व्ह आणि उदारामच्या घरचं लग्न

ओमेश्वरी कटरेने नवऱ्याच्या भुवया जाळल्या, ही बातमी आमगावच्या बाजारात भाजीच्याही आधी पोहोचली होती. कोणी म्हणे, माहेरी जाऊ दिलं नाही म्हणून चुलीतलं जळकं लाकूड घेऊन धावली. कोणी म्हणे, खुमेंद्र झोपेत असताना मेणबत्तीने कारभार उरकला. एका बाईने तर दोन भुवया दोन वेगळ्या दिवशी जळल्या, इथपर्यंत खात्रीलायक माहिती काढून ठेवली होती.

खोटं, साफ खोटं. भुवया जळल्या एवढंच खरं. त्या जाळल्या खुमेंद्रच्या स्वतःच्या मुरमुऱ्याच्या भट्टीने. कोंड्यावरची जुनी भट्टी मोडून त्याने नुकतीच गॅसची बसवली होती. एका सकाळी बर्नर विझला. गॅस मात्र वाहतच राहिला. आणि हे साहेब, "विझला काऊन?" असं विचारत, हातात पेटती काडी घेऊन, थेट बर्नरखाली वाकले. भप्प! बर्नरने उत्तर दिलं. भुवया पूर्ण गेल्या, मिशी डावीकडून अर्धी गेली, आणि खुमेंद्रचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत झाला.

ओमेश्वरी तेव्हा मागच्या पडवीत धान पाखडत होती. धावत आली, कॉक बंद केला, नवऱ्याच्या तोंडावर बादलीभर पाणी ओतलं, डोळे शाबूत आहेत ना ते पापण्या ओढून पाहिलं, आणि मग जी हसली ती हसली. पोट धरून, भिंतीला टेकून, पदर तोंडात कोंबून हसली. तेवढं हसू शेजारी गेलं आणि बाकीचं शेजाऱ्यांनी तयार केलं.

हसून झाल्यावर मात्र तिने त्या बर्नरकडे नीट पाहिलं. काडी लावायला दोन श्वास उशीर झाला असता तर नुसत्या भुवयांवर भागलं नसतं, हे तिला कळत होतं. बाई नुसती मुरमुरे चाळणारी नव्हे. लग्नाआधी गोंदियाच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स केलेली. पण सासरी आल्यावर पाना कोणाच्या हातात द्यायचा, हे कोणी तिला विचारलंच नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी गोंदियाचा रस्ता धरला आणि बर्नर विकणाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भैया, आग बुझे तो गैस अपने आप बंद होना. ऐसा कुछ है क्या?"

त्याने काउंटरवर एक पितळी ठोकळा ठेवला. दोन्ही बाजूंना पाइप अडकवायला आटे, आणि डोक्यावर फेटा बांधावा तशी तारेची कॉइल. सोलेनॉइड व्हॉल्व्ह. कॉइलला वीज मिळाली की आतला दट्ट्या वर उचलला जातो आणि गॅसला वाट मिळते. वीज तुटली की स्प्रिंग दट्ट्याला खाली दाबते, "टक्" असा आवाज होतो, वाट बंद. आता ही वीज कोण तोडणार? तर भट्टीत ज्वाळेवर नजर ठेवणारी दांडी, आणि स्वयंपाकघरात भिंतीवर बसवलेला, गॅसचा वास घेणारा डबा. त्या डब्याला ओमेश्वरी "नाक" म्हणते. नाकाला वास आला की ते लाल दिवा लावतं आणि व्हॉल्व्ह वाट बंद करतो.

पहिला व्हॉल्व्ह तिने नवऱ्याच्या भट्टीवर बसवला. खुमेंद्रच्या भुवया उगवेपर्यंत तिने आणखी चार जागी बसवले. मग सडक अर्जुनीच्या ढाब्यांवरून निरोप यायला लागले, मग मिठाईवाल्यांचे, मग मंगल कार्यालयांचे. आता चित्र असं दिसतं, की खुमेंद्र स्कूटर चालवतो आणि ओमेश्वरी मागे बसते, मांडीवर पान्यांची पिशवी आणि हातात उभा धरलेला लांब पाइप. लढाईला निघाल्यासारखी. समोरून येणारे ट्रकवाले आपोआप बाजूला होतात. खुमेंद्रला लोक विचारतात, "का गा, ड्रायव्हर झाला का बायकोचा?" तो म्हणतो, "हाव. मालकीण चांगली आहे, रोज जेवाले देते."

तिच्या कामाची रीत ठरलेली. व्हॉल्व्हच्या अंगावरचा बाण गॅस जातो त्याच दिशेला. त्याच्याआधी जाळी, म्हणजे पाइपमधला गंज आणि कचरा आत जाऊन दट्ट्याखाली अडकणार नाही. कॉइल वर डोकं करून उभी, आडवी नाही. जोडावर साबणाचं पाणी फिरवायचं आणि बुडबुडा येतो का ते जोडाला नाक लावून पाहायचं. आणि बसवून पैसे घेऊन पळायचं नाही. दर दोनतीन महिन्यांनी ती परत येणार, व्हॉल्व्ह उघडणार, आतलं रबर बोटाने चाचपणार, जाळी धुणार, कॉइलवर हात ठेवून ती किती तापली ते बघणार, आणि मुद्दाम वीज तोडून "टक्" ऐकणार. आवाज भरीव आला तर चहा पिते. बसका आला तर चहा थंड होतो. लोकांच्या करामती तिला तोंडपाठ झाल्या आहेत. देवरीच्या एका हॉटेलवाल्याने कॉइलवर रोज कणकेची परात ठेवली होती, पोळ्या मऊ होतात म्हणून. "तापते ना मस्त," असं वर तिलाच सांगत होता.

तर अशी ही ओमेश्वरी. आणि तिच्या नशिबात आलं मुन्नालाल सेठचं लॉन.

आमगावच्या रस्त्यावर सेठने हे लग्नाचं लॉन बांधलं तेव्हा स्वयंपाकघर मोठं आणि गॅसची लाइन पक्की घेतली. बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात सिलिंडरची रांग, तिथून भिंतीतून पाइप आत, आणि आत भट्ट्यांची ओळ. व्हॉल्व्हला मात्र सेठ तयार नव्हता. "अरे ताई, खाना पकाना है, रॉकेट नहीं छोड़ना है," असं म्हणायचा. ओमेश्वरीने त्याच्या मागे लागून लागून, शेवटी सेठाणीला मधे घालून, तो बसवला होता. गोंदियातले सहासात कार्यालयवाले तिला सांगून बसले होते, की सेठच्या लॉनवर टिकला तर आम्हीही लावू. म्हणजे इथून व्हॉल्व्ह उखडला, की जिल्ह्यात कोणत्याच स्वयंपाकघरात तिच्या पान्याला जागा नाही. परत मुरमुरे चाळणं.

आणि पहिलंच मोठं लग्न आलं ते उदारामच्या मुलीचं, चेतनाचं. उन्हाळा, दुपारचा मुहूर्त, वरात सडक अर्जुनीहून. ओमेश्वरी आणि खुमेंद्र आमंत्रित पाहुणे. ती जरीची साडी नेसून आली होती, पण पिशवी बरोबर होतीच. कपाळावर कुंकू आणि पिशवीत पाना, याशिवाय ती माहेरच्या बारशालाही जात नाही.

स्वयंपाकाला चिचगडकडून बकाराम आचारी आणला होता. अंगाने वाळका, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी आणि हात असा, की त्याच्या लाखोरी डाळीच्या वड्यांसाठी लोक न बोलावता लग्नाला येतात. भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढून उतरला होता. बकारामने वरणाचा गंज चढवला, आणि "टक्".

सगळ्या भट्ट्या एकदम विझल्या.

"अवं बाई!" कांदा चिरणाऱ्या बाया ओरडल्या. ओमेश्वरी मांडवातून साडी खोचत आत आली. लाइट गेली का? पंखा तर फिरत होता. तिने नाकाकडे पाहिलं. लाल दिवा. म्हणजे नाक म्हणतंय, गॅस सुटला आहे. पण वास तर कुठे नाही. तिने आधी सगळ्या भट्ट्यांचे कॉक बंद करायला लावले, कारण उघडे राहिले तर व्हॉल्व्ह उघडताच विझल्या भट्ट्यांतून गॅस बाहेर. थोड्या वेळाने लाल दिवा आपोआप गेला. तिने व्हॉल्व्हची वीज परत जोडणारं, पेटीवरचं बटण दाबलं, भट्ट्या पुन्हा पेटल्या.

"नवीन आहे ना, लाजून राहिला असन," खुमेंद्र म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पाहुण्यांना सरबत द्यायला निघून गेला.

वरण झालं. बकारामने वड्यांची कढई चढवली. "टक्"!

आता उदाराम आत आला. मुलीचा बाप, डोक्यावर नवी टोपी, आणि टोपीखाली घामाच्या धारा. "बाई, वरात देवरीले पोचली. चहा पिऊन राहिले ते. का करू मी? चहाच पाजत ठेवू का त्याइले?"

ओमेश्वरीने साडीचा विचार सोडला आणि फरशीवर बसली. लाल दिवा गेल्यावर, भट्ट्यांचे कॉक बंद ठेवूनच, बटण दाबून लाइन चालू केली, साबणाचं पाणी केलं, ब्रश घेतला, एकेक जोड धुऊन काढला. बुडबुडा नाही. कॉइलवर हात ठेवला, कोमट, जशी पाहिजे तशी. स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉइलच्या डोक्याजवळ नेलं, ते चुंबकासारखं ओढलं गेलं. म्हणजे कॉइल जिवंत. रबर मागच्याच आठवड्यात पाहिलेलं. व्हॉल्व्ह निर्दोष, जोड निर्दोष, आणि नाक मात्र सांगतंय की गॅस आहे. नाकच खराब निघालं तर? तिने स्वतः निवडून आणलेलं, स्वतः बसवलेलं.

भट्ट्या पुन्हा पेटल्या. वडे निघाले. बुंदीची कढई चढली. आणि सांगायला नको.

या वेळी मुन्नालाल सेठ आला, आणि एकटा आला नाही. हातात काळा गोल चुंबक होता, बँडवाल्याच्या फुटक्या स्पीकरमधून काढलेला.

"देखो ताई, बहुत हो गया. मेरा इलेक्ट्रिशियन बोलता है, कॉइल निकालो, ये चुंबक बिठाओ, वाल खुला का खुला. न बिजली का झंझट, न लाल बत्ती का."

"सेठजी, खुला का खुला रहा तो सच में गैस निकलेगी तब कौन बंद करेगा?"

"अभी कहाँ निकल रही है? वास आता है का तुमले?" सेठ घाईत आला की त्याची हिंदी मराठीत सांडते.

"नाही येत."

"मंग!"

मागून टाळ्या पडायच्या बाकी होत्या. पाहुणे दारात जमले होते. कोणीतरी म्हणालं, "चुलीवर बरं होतं." दुसरा म्हणाला, "बाईमाणसाच्या हातचं काम." हे वाक्य बोलणारा कोण ते ओमेश्वरीने वळून पाहिलं नाही, पण तिचे कान लाल झाले. सेठने पाना उचलायला हात पुढे केला. तिने त्याच्या हातातला चुंबकच घेतला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकला. चुंबक लगेच कमरेच्या किल्ल्यांना जाऊन चिकटला.

"एक गंज," ती म्हणाली. "कढीचा गंज चढायचा आहे ना? तेवढा चढू द्या. मले समजलं नाही तर मीच काढून देईन, तुमच्या हातात देईन."

सेठने घड्याळ पाहिलं. "एक. बस."

असं तोंडातून गेलं खरं, पण तिच्या डोक्यात काही ठरलेलं होतं असं समजू नका. एवढंच लक्षात आलं होतं, की काही शिजत असताना व्हॉल्व्ह कधीच बंद पडला नाही. पडला तो नवीन भांडं चढतानाच. वरण, वडे, बुंदी. भाताच्या वेळी मात्र काही झालं नव्हतं, कारण भात ती मांडवात असतानाच खुमेंद्रने आणि पोरांनी चढवला होता, बकाराम तेव्हा भाजी निवडत होता. म्हणजे गॅस नव्हे. बकाराम!

बटण दाबून तिने भट्ट्या पुन्हा पेटवल्या, बुंदी निघाली, आणि ती नाकाशेजारी उकिडवी बसली. तो डबा तिने भिंतीच्या पायथ्याशी, फरशीपासून वीतभर उंचीवर लावला होता, कारण हा गॅस जड, सुटला की खाली बसतो.

"काका, चढवा कढी. मी नाही अठी, असं समजा."

बकारामने गंज भट्टीवर ठेवला. मग सगळ्यांकडे पाठ केली. कमरेच्या कापडातून छोटी बाटली काढली, ओंजळीत थोडं ओतलं, डोळे मिटून काही पुटपुटला, आणि ओंजळ भिंतीच्या पायथ्याशी रिकामी केली. बरोबर नाकाखाली.

मोहाची दारू. पहिल्या धारेची. ओमेश्वरीच्या स्वतःच्या नाकात झिणझिण्या आल्या. डब्यावर लाल दिवा लागला. "टक्"!

दारात जमलेले लोक "अरे रे" म्हणून ओरडले आणि त्याच क्षणी ओमेश्वरी उड्या मारायला लागली. जरीची साडी, ओले गुडघे, कमरेला किल्ल्यांना चिकटलेला चुंबक, आणि तोंडाने, "सापडला! सापडला! बाप्पा, सापडला!" उदारामला वाटलं, बाईला भट्टीचं ऊन लागलं.

"काका, हे काऊन टाकता?"

बकाराम शांतपणे बाटलीला बूच लावत होता. "आगीले पाजल्याबिगर मी गंज चढवत नाही. माह्या आज्यानं नाही चढवला, बापानं नाही चढवला. रांधतो आपण, पण शिजवते ते. तिले पहिला घोट नको?"

"मंग भितीपाशी कायले?"

"मातीच्या चुलीत आग चुलीतच राह्यते. अठी फरशी. आग कोठून येते? पायपातून. पायप कोठून येते? या भितीतून. मंग मी भितीपाशी देतो."

ओमेश्वरीने एकदा पाइपकडे आणि एकदा नाकाकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा हिशोब बिनचूक होता. तिनेही गॅस कुठून येतो आणि कुठे बसतो हे पाहूनच तिथे नाक लावलं होतं. दोघांनी आपापल्या डोक्याने एकच कोपरा निवडला होता. आणि मोहाचा वास त्या डब्याला गॅससारखाच लागतो. तो घाबरतो, दिवा लावतो, वाट बंद करतो. वास उडाला की गप्प.

"मतलब दारू बंद, और क्या!" सेठ म्हणाला.

बकारामने झारा खाली ठेवला. "मंग सैपाक तुम्हीच करा सेठ. मी जातो गावाले."

आता खरी पंचाईत. व्हॉल्व्ह निर्दोष ठरला, पण आचारी निघाला. उदारामचा फोन वाजला. "वरात रेल्वे फाटकावर आली!" तो रडायच्या बेतात ओरडला. मग पलीकडचं आणखी ऐकलं आणि एकदम उजळला. "फाटक बंद आहे. मालगाडी उभी आहे. लंबी मालगाडी!" आमगावात इतकी वर्षं ज्या फाटकाला शिव्या बसल्या, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी नमस्कार केला.

ओमेश्वरी बकारामसमोर जाऊन उभी राहिली. "काका, पायपातून आग नाही येत. पायपातून गॅस येते. आग तुम्ही काडीनं लावता. हाव का नाही?"

"हाव."

"मंग आग काडीतून येते. ते काडी तुम्ही माचिसीतून काढून राहिले, म्हणून तुमाले आगीचं घर भेटून नाही राहिलं. मागे रुख्माबाईची मातीची चूल पेटली आहे, पाहुण्याइच्या आंघोळीचं पानी तापून राहिलं. तठी द्या घोट, तठूनच पेटती काडी आना, आन भट्टी लावा. आग मातीतून येईन, तुमच्या आज्याच्या वेळेसारखी."

बकाराम विचार करायला लागला. मुन्नालाल सेठने काही बोलायला तोंड उघडलं, तर एका कांदेवाल्या बाईने त्याला डोळ्यांनीच दाबलं.

"हे बराबर आहे," बकाराम म्हणाला. "याच्यात आग कोठची आहे ते समजते तरी."

मागच्या दारी पाणी तापवणाऱ्या रुख्माबाईने मात्र चुलीसमोर हात पसरले. "माह्या चुलीत दारू? वर पाहुण्याइचं पानी आहे!"

"आंघोळच करतेत ना माय, पिऊन थोडी राहिले," ओमेश्वरी म्हणाली.

"मुलाचा मामा आहे त्याच्यात. तो पिईन!" रुख्मा म्हणाली, पण बाजूला झाली.

बकारामने घोट दिला. चूल फुरफुरली. त्याने जळतं लांब कोलीत उचललं आणि देवाची ज्योत आणावी तसं आत आणलं. तोवर ओमेश्वरीने सगळे कॉक स्वतःच्या हाताने पाहिले, कोपऱ्यातली फरशी पुसून काढली, पंख्याचं तोंड तिकडे केलं. लाल दिवा गेला. बटण दाबलं. एकेक कॉक उघडत गेला आणि एकेक भट्टी निळी होत गेली. कढी चढली. सगळे कान व्हॉल्व्हकडे. आवाज नाही. भाजी चढली. आवाज नाही. पुऱ्यांची कढई चढली तेव्हा खुमेंद्रने दोन्ही कानांत बोटं घातली होती, ती ओमेश्वरीने स्वतः काढली.

"ऐक ना आता! न वाजणं ऐक!"

मग जी धावपळ झाली! लाटणाऱ्या बाया आरडत होत्या, तळणारे झारे आपटत होते, उदाराम भट्टीपासून दारापर्यंत आणि दारापासून भट्टीपर्यंत धावत होता, मालगाडी गेली का म्हणून विचारत होता, आणि कोणी "गेली" म्हटलं की त्याच्यावरच रागावत होता. बँड वाजायला लागला तेव्हा शेवटच्या पुऱ्या फुगत होत्या. पंगत बसली, कढी वाढली, वडे वाढले, आणि मुलाच्या मामाने वडे इतक्या वेळा मागितले की वाढणारी पोरं त्याची पंगत टाळून जायला लागली.

मुन्नालाल सेठ जेवून उठला, तृप्त ढेकर दिला आणि हात धुऊन ओमेश्वरीजवळ आला. ती शेवटच्या पंगतीत मांडी घालून बसली होती, साडीवर साबणाचे डाग आणि पानात कढीभात.

"ताई, मान गए. वाल रहेगा, अपनी जगह पे रहेगा. कार्यालयवाल्यांना मीच सांगतो. पर एक बात बताओ, इतना नखरा किसलिए? दारूचा वास आला तरी बंद न होणारं नाक कुठं मिळत नाही का?"

ओमेश्वरीने घास गिळला आणि म्हणाली, "भेटते ना सेठजी. पन ते गॅस सुटला तरी झोपूनच राह्यते. तसं पाहिजे असन तर उद्याच लावून देईन, फक्त जेवाले मले बोलावू नका."